हैदराबादचा नमदा

माझे स्पीकर ऐकायला आलेला माणूस कधी वाईट बोलून गेला नाही. आमच्या परभणीकडे तशी रीतच नाही. यजमानाच्या खाटेवर बसायचं, त्याचा चहा प्यायचा आणि त्याच्याच वस्तूला नावं ठेवायची, असला माणूस मी तरी पाहिला नाही. लोक "वा, लय भारी" म्हणायचे आणि म्हणता म्हणता उठून दाराशी जायचे. दारातून ओसरीवर, ओसरीवरून "येतो मग" म्हणत रस्त्यावर. मी आपला खूश. मला वाटायचं, लोकांना कामं असतात.

मी तेव्हा एका जिनिंगमध्ये फिटर होतो. कापसातली सरकी वेगळी करणारी यंत्रं ओळीनं उभी, दिवसभर त्यांचा खडखडाट, आणि त्यात उभं राहून मी नऊ हंगाम काढले होते. शेजारच्याशी बोलायचं तर तोंड त्याच्या कानाला लावावं लागायचं. केसांत, भुवयांत, नाकात कापसाचे तंतू. तिथून सुटायचं हे एकच वेड डोक्यात होतं. सुटायचं म्हणजे कुठं, तर स्पीकर बनवायचे. त्या दिवसांत प्रत्येकाकडे टेपरेकॉर्डर येत होता, आणि टेपरेकॉर्डरच्या पोटातल्या चिमुकल्या आवाजावर कुणाचं समाधान होत नव्हतं. सगळ्यांना पेट्या पाहिजे होत्या. एका रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या दुकानात सुट्टीच्या दिवशी बसून बसून मी ते काम उचललं होतं. सुताराकडून प्लाय कापून घ्यायचा, खाली जाड आवाजाचा वूफर बसवायचा, वर बारीक आवाजाचा छोटा ट्वीटर, पुढं जाळीचं कापड. दिसायला पेटी अशी झकास व्हायची की मी स्वतःच तिच्याकडे बघत बसायचो.

दोष होता तो वरच्या आवाजात. गाणाऱ्यानं 'स' म्हटला की ताटावर सुरी घासल्यासारखा यायचा. 'श', 'च', झांजा, टाळ, बाईचा वर गेलेला सूर, सगळं टोकदार. हे मी आज सांगतो आहे. तेव्हा मला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. मला तो आवाज स्वच्छ वाटायचा, आणि ज्याला तो टोचायचा त्याला ऐकायची सवय नाही असं मी ठरवून टाकलं होतं.

टोचतो हे पहिल्यांदा तोंडावर सांगितलं ते माझ्या बायकोनं. लग्नाला दोन वर्षं झाली होती, अंगावर पिणारी मुलगी होती. पेटी सुरू झाली की पोरगी दचकायची आणि ही तिला घेऊन मागच्या खोलीत जायची. एकदा उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "अवो, वरचा आवाज लय टोचायलाय. कानात सुई घातल्यावानी. जरा कमी करा की."

"तुला काय कळतं त्यातलं?" मी म्हणालो.

असं मी बोलायचो. आणि यामागं जे होतं ते सांगायला जीभ आजही रेटत नाही, पण सांगतो. आम्ही धनगर. माझ्या आजोबांनी मेंढरं विकून जमीन घेतली, वडिलांनी शेती केली, मी शहरात येऊन पगारदार झालो. लोकरीचा वास आमच्या अंगावरून गेला, अशी माझी समजूत. बायकोचं माहेर मात्र जिंतूरकडच्या माळावर अजून मेंढरांमागं हिंडत होतं. जिनिंगमध्ये कुणी विचारलं तर मी सांगायचो, सासरे शेतकरी आहेत. कुणी सहज विचारलं तरीसुद्धा मी हेच घाईघाईनं सांगायचो.

पाथरीला एक विजेच्या सामानाचे दुकानदार होते. पंखे, मोटारी, टेप, सगळं ठेवायचे. निजामाच्या काळातल्या शाळेत शिकलेले, बोलण्यात निम्मी उर्दू. त्यांच्याकडे मी पहिली जोडी एसटीच्या टपावर बांधून घेऊन गेलो. ते म्हणाले होते, माल पसंत पडला तर महिन्याला सहा जोड्या घेईन. महिन्याला सहा जोड्या म्हणजे जिनिंगला रामराम. मी जातानाच मनात राजीनामा लिहिला होता.

त्यांनी दोन मिनिटं ऐकलं. मग बटण हळूच फिरवून आवाज खाली आणला आणि म्हणाले, "मास्तर, काम साफ हाय. पण हा पत्रा गायलाय, माणूस न्हाई. गिऱ्हाईक पेटी खांद्यावर घेऊन परत येईल. जरा उतरवा हे. मला परभणीला काम निघणारच हाय, तुमच्या घरी येऊन ऐकतो. तेव्हा जमलं तर पक्कं."

इतक्या सभ्यपणे सांगितलं की मी रागावूही शकलो नाही. घरी येऊन तो राग बायकोवर काढला. तिनं विचारलं, "काय म्हनले?" मी म्हणालो, "तुझ्यासारखेच आहेत तेही."

तरीपण कामाला लागलो. ट्वीटरला जाणारा कंडेन्सर बदलून अर्ध्या ताकदीचा घातला. विजेच्या शेगडीच्या कॉइलचा तुकडा कापून ट्वीटरच्या तारेत जोडला, म्हणजे त्याला वीज कमी मिळावी. जिनिंगमधून ओंजळभर रुई आणून पेटीच्या पोटात भरली. हे सगळे उपाय बरोबर होते. कुठल्याही जाणत्या माणसानं तेच सांगितलं असतं. कॉइलचा तुकडा जोडला त्या संध्याकाळी बायको चुलीपुढून उठून आली, पोरीला कडेवर घेऊन पेटीपुढं उभी राहिली आणि म्हणाली, "आता बरं हाय. आता गोड यायलाय." पोरगी चक्क पेटीकडे हात करत होती.

आणि मला काय ऐकू येत होतं? गोधडीखालून कुणी गातंय असं. आवाज मेला, असं मला वाटलं. मी म्हणालो, "तुला बरं वाटतंय म्हणजे नक्कीच बिघडलंय." आणि तिच्या देखत पक्कड घेऊन तो तुकडा तोडून टाकला.

असं तीनदा झालं. उपाय सापडायचा, घरातलं माणूस सांगायचं की सापडला, आणि मी तो उपटून फेकायचो. याचं कारण मला पुढं कळलं. एका शिबिरात डॉक्टरांनी कानांना यंत्र लावलं, बारीक आवाज येतो का विचारलं, आणि मी म्हणालो, यंत्र सुरू करा की. ते सुरूच होतं. जिनिंगनं माझ्या कानाचा वरचा मजला केव्हाच पाडला होता. बायको शेजारीच होती. तिला आश्चर्य वाटलं नाही. दूध उतू जाण्याआधी सूं करतं, ते तुम्हाला कधी येतच नव्हतं, एवढंच ती म्हणाली. तिला ते पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. मला वाईट वाटेल म्हणून बोलली नव्हती. तिनं माझा बहिरेपणा मला न सांगता झाकला, आणि मी तिच्या धडधाकट कानांना अडाणी म्हणत राहिलो.

दुकानदारांनी कळवलेला दिवस जवळ आला, पण मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचं वातावरण पुन्हा तापलं, बंद पुकारला गेला आणि एसटी आगारातच उभ्या राहिल्या. त्यांचं येणं आठ दिवस पुढं गेलं. त्याच आठवड्यात माझा मेव्हणा बाजाराला मेंढरं घेऊन आला आणि बहिणीकडे उतरला. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, उंच, बोलणं कमी. डोक्याला तांबडा पटका, हातात काठी, खांद्यावर काळी घोंगडी. त्यांच्या जत्रेत ढोल वाजवायला हाच पुढं असायचा. ओव्या म्हणायला बसला तर चार गावचे लोक थांबून ऐकायचे. हे मला चांगलं ठाऊक होतं.

संध्याकाळी मी पेटी लावून बसलो होतो. तो थोडा वेळ ऐकत राहिला, मग अगदी अदबीनं म्हणाला, "दाजी, राग नसंल तर सांगू? आमच्या ढोलाचा आवाज लय फुटायला लागला की आमी त्याच्या चामड्याच्या पुड्याला आतून लोकर लावतो. खडखड जाती अन् घुमारा ऱ्हातो. ह्या बारक्याच्या तोंडावर घोंगडीचा तुकडा लावला तर?"

शेजारचे एक गृहस्थ बसलेले होते. त्यांच्यासमोर माझ्या पेटीत घोंगडी! मी म्हणालो, "पाव्हणं, ही इलेक्ट्रॉनिक्सची वस्तू आहे. मेंढरांमागं हिंडून आवाजातलं कळत असतं तर मग शिकायचं कशाला?"

ते गृहस्थ हसले. मेव्हणा हसला नाही, रागावलाही नाही. "बरं हाय दाजी," म्हणाला. आमच्यात जावयाचा शब्द खाली पडू देत नाहीत. बहीण दिलेल्या घरी भाऊ मान खाली घालून बसतो, कारण त्यानं मान वर केली तर त्याची किंमत बहिणीला मोजावी लागते. त्याच्या या अडचणीचा मी पुरेपूर फायदा घेतला. बायको आतल्या दाराशी उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली.

दोन दिवसांनी दुकानदार आले. मी जिनिंगमधून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून धावत आलो होतो. पेट्या तशाच होत्या, माझ्या स्वच्छ आवाजाच्या. मी ठरवलं होतं की या वेळी त्यांना नीट समजावून सांगायचं, हा दोष नाही, हाच खरा आवाज आहे. मेव्हणा अजून होता. त्याचा शेवटचा बोकड त्याच सकाळी विकला गेला होता. शेठ ओसरीवर चपला काढत असताना मी आत जाऊन बायकोला हळूच म्हणालो, "पाव्हण्यांना मागंच बसू दे." मेव्हणा चुलीपाशी बसला होता, त्यानंही ते ऐकलं.

टेप सुरू केली. आवाज मेलेला. पार गोधडीखालचा. दोन्ही ट्वीटर जळाले असं मला वाटलं, आणि मी हात जोडून माफी मागायला वळलो, तर शेठ डोळे मिटून मान डोलावत होते.

"हां," ते म्हणाले. "आता माणूस गायलाय. काय केलं मास्तर?"

"सर्किट बदललं," मी म्हणालो. खोटं माझ्या तोंडून इतकं सहज आलं की मलाच कळलं नाही.

"बघू तर," म्हणत त्यांनी पुढच्या जाळीची चौकट अलगद काढली. विकणारा माणूस, आत काय आहे ते बघणारच. ट्वीटरच्या तोंडावर एक काळा गोल तुकडा बसवलेला होता. रुपयापेक्षा जरा मोठा, कडेनं बारीक टाका घातलेला, चार बाजूंनी दोऱ्यानं ओढून घेतलेला. दुसऱ्या पेटीतही तसाच. मी तो आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. आतल्या दाराकडे पाहिलं. बायकोनं पदर पुढं ओढला आणि नजर खाली घातली. मी कामावर गेलो असताना तिनं हे केलं होतं. माझी सुटका माझ्याच घरात, माझ्या पाठीमागं, सुईदोऱ्यानं शिवली गेली होती.

"हे काय हाय?" शेठनी विचारलं.

मी खरं सांगू शकत होतो. शेठ काही हसले नसते. उलट त्यांना गंमत वाटली असती, त्यांनी बायकोचं कौतुक केलं असतं. पण मला दिसली ती घोंगडी, आणि घोंगडीमागं मेंढरं, आणि मेंढरांमागं आम्ही.

"नमदा," मी म्हणालो. "दाबून केलेलं लोकरीचं कापड असतं ना, ते. हैदराबादहून मुद्दाम मागवलं."

तेवढ्यात मेव्हणा चहाचे कप घेऊन बाहेर आला. शेठसमोर बायको येणार नव्हती आणि चहा निवत होता, म्हणून तिनं त्याला पाठवलं असावं. शेठनी त्याच्याकडे पाहून विचारलं, "हे कोण?"

"गावाकडचे आहेत," मी म्हणालो.

मेव्हणा म्हणालो नाही. बायकोचे भाऊ म्हणालो नाही. बाहेर त्या दिवसांत एका नावासाठी माणसं मार खात होती, घरंदारं गमावत होती, आणि मी माझ्याच घरात बसून एक साधं नातं तोंडातून काढायला लाजत होतो.

शेठ चौकस माणूस. त्यांनी त्या तुकड्यावरून बोट फिरवलं, मेव्हण्याच्या खांद्याकडे पाहिलं आणि हसत म्हणाले, "क्यों मामा, मला तर ही तुमच्या खांद्यावरचीच दिसायलीय. घोंगडीच ना ही?"

मी त्याच्या खांद्याकडे तेव्हा पाहिलं. घोंगडीचा एक कोपरा कापलेला होता. ताजा, कात्रीनं कापलेला, सरळ. बहिणीला दुसरं काही मिळालं नसणार, आणि यानं स्वतःची पुढं केली असणार, मी त्याला मेंढरांवरून तसं बोललो होतो त्यानंतरही.

त्यानं कप खाली ठेवले. ठेवता ठेवता तो कापलेला कोपरा आत दुमडून घेतला. मग म्हणाला, "न्हाई मालक. आमची लय जाड अन् खरबरीत असती. असलं मऊ काम आमच्याकडं कुटलं? ही बाहेरचीच हाय. दा..." आणि तो शब्द त्यानं गिळला. "साहेबांनी हैदराबादहून आणलीया."

"असं, असं," शेठ म्हणाले आणि चहा उचलला. सहा जोड्या पक्क्या झाल्या.

मेव्हणा दुपारीच निघाला. मी काहीतरी बोलायचं ठरवून ओसरीपर्यंत गेलो आणि "बोकडाला भाव बरा मिळाला का?" असं विचारलं. "मिळाला," तो म्हणाला. बायको चार दिवस गरजेपुरतं बोलत होती. पाचव्या दिवशी ताट वाढताना म्हणाली, "नमदा संपत आला की अगुदर सांगत जा. त्याला यायला दोन दिस लागत्यात."

मी जिनिंग सोडली. पेट्या पाथरीला जायला लागल्या, मग सेलूला, मानवतला. लोक मला मास्तर म्हणायला लागले. आवाज कसा गोड आहे म्हणून विचारायचे, आणि मी हैदराबादचा नमदा सांगायचो. सांगून सांगून कधी कधी मला ते खरंही वाटायचं. बायको खाली बसून गोल तुकडे कापायची, टाके घालायची, आणि पेटी तयार झाली की ऐकून सांगायची बरोबर आहे की नाही. तेवढं मात्र मी आता ऐकायचो. तिच्या कानाशिवाय माझी एकही पेटी घराबाहेर गेली नाही, आणि हे मी कुणालाही सांगितलं नाही.

दर दोन-तीन महिन्यांनी मेव्हणा जुन्या घोंगड्या आणून द्यायचा. खताच्या पोत्यात घालून, तोंड सुतळीनं शिवून, म्हणजे आत काय आहे ते कुणाला दिसू नये. आणि पुढच्या दारानं यायचा नाही. घरामागं एक अरुंद बोळ होता, गटाराच्या कडेनं येणारा. त्या बोळातून तो यायचा, मागची कडी हलकेच वाजवायचा. मला ती ऐकू यायची नाही, बायको उठायची. घरात कुणी बसलेलं असेल तर तो मला साहेब म्हणायचा. कुणी नसेल तर दाजी. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. माझं खोटं त्यानं स्वतःवर घेतलं होतं आणि तो ते निगुतीनं सांभाळत होता.

पुढं कंपनीचे तयार टेप आले, पेट्यांचा धंदा बसला. पाथरीचं ते दुकान बंद झालं, शेठ गेले. घरात येऊन जाळी काढून बघणारं, काही विचारणारं कुणी उरलं नाही. मेव्हणा तरी बहिणीला भेटायला मागच्याच दारानं येत राहिला. पटका काढून हातात घ्यायचा, पाय धुवायचा, चुलीपाशी बसायचा. "पाव्हणं, पुढच्या दारानं या," एवढं वाक्य मला म्हणायचं होतं. दर वेळी तोंडाशी यायचं. मी उठायचो, त्याच्यासाठी पाट मांडायचो, आणि पाट मागच्याच खोलीत मांडायचो.